चुना न लावलेली जागा

एकदा एका संस्थानाच्या चित्रशाळेत एक वृद्ध आचार्य आणि त्यांचा एक शिष्य राहत असत. शिष्य म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे कोवळा मुलगा उभा राहतो. हा तसा नव्हता. पन्नाशीला टेकलेला, हाताखाली वीस विद्यार्थी असलेला, दरबारात मान असलेला चित्रकार होता. पण आचार्यांपुढे तो शिष्यच. आचार्यांनी ऐंशी ओलांडली होती, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, आणि चित्रे ते आता बोटांनी पाहत.

त्या चित्रशाळेत एक रिवाज होता. नव्या विद्यार्थ्याला पहिल्या दिवशी कुंचला देत नसत. एक चित्र पुढे ठेवून एकच प्रश्न विचारत, "हे काढणारा कुठे बसला होता?" झाडाखाली की गच्चीवर, दारात की खिडकीशी, हे शोधल्याशिवाय चित्राविषयी बरेवाईट बोलायची कुणाला मुभा नव्हती. शिष्याने हा प्रश्न आजवर शेकडो मुलांना विचारला होता.

शिष्याला एक खोडही होती. चित्रात रंगला की त्याच्या दोन्ही पायांचे अंगठे आपोआप हलू लागत, एकदा डावा, एकदा उजवा, मग दोन्ही मिळून. विद्यार्थी पाठीमागे हसत. गुरुजींचे पाय निराळेच चित्र काढतात, म्हणत. आचार्य मात्र या गोष्टीवर कधी हसले नाहीत, आणि बोललेही नाहीत.

एके वर्षी राजधानीत बातमी आली, की तीन दिवसांच्या वाटेवर, रानाच्या कडेला असलेल्या संस्थानच्या हत्तीखान्यात एक हत्तीण चित्र काढते. झाले! ज्यांनी जन्मात कधी कोळशाची रेघ ओढली नव्हती त्यांनाही मत फुटले. राजपंडितांनी ती पूर्वजन्मीची शापित कलावती असल्याचे ठरवून टाकले. हत्तीण पाहून आलेल्या एका व्यापाऱ्याने ते फुलपाखराचे चित्र असल्याची शपथ घेतली. दिवाणजींनी नाक मुरडले आणि ही सगळी माहुताची चलाखी आहे, म्हणाले. वाद इतका पेटला, की महाराजांनी आचार्यांना निरोप पाठवला: जनावराला खरोखर बुद्धी आहे, की आपल्या डोळ्यांत धूळ फेकली जाते आहे, हे जाऊन पाहा आणि लेखी कळवा.

आचार्यांनी शिष्याला बोलावले आणि गावाचे नाव सांगितले. शिष्याच्या हातातला कुंचला खाली पडला.

त्याचे कारण आता सांगायला हवे. त्या हत्तीखान्यातच त्याचा जन्म झाला होता. त्याचा बाप हणमंत तिथला माहूत होता. आई लवकर गेली, आणि बापाने पोराला हत्तीच्या मानेवर, आपल्या मांडीपुढे बसवून वाढवले. पोराचा हात चांगला म्हणून बाराव्या वर्षी मामाने त्याला चित्रशाळेत आणून सोडले. तिथे सरदारांची, कारकुनांची मुले होती. कुणीतरी विचारले, तुझे वडील काय करतात? पोराच्या तोंडून निघून गेले, "कारकून आहेत." पहिल्या दिवशी बोललेले खोटे दुसऱ्या दिवशी सांभाळावे लागते, आणि सांभाळता सांभाळता ते आपल्यापेक्षा मोठे होते.

दोन वर्षांनी बाप भेटायला आला. तीन दिवस चालत. खांद्यावर पोरासाठी नवे घोंगडे, हातात रानातल्या मधाचे मडके. अंगाला हत्तीचा आणि ओल्या चाऱ्याचा वास. मुले गोळा झाली. हे कोण, म्हणून त्यांनी विचारले. चौदा वर्षांचा तो पोर म्हणाला, "आमच्या गावचा माणूस आहे."

बापाने ते ऐकले. आचार्य तेव्हा दारातच उभे होते. हणमंताने त्यांच्याकडे पाहून हात जोडले आणि म्हणाला, "व्हय महाराज. गावचाच हाय मी. एवढं पोचवाया आल्तो." घोंगडे आणि मडके ओट्यावर ठेवून तो पाणीही न पिता माघारी फिरला, आणि पुन्हा कधी आला नाही.

पुढच्या दसऱ्याला जाऊ, असे म्हणत शिष्याने एकोणतीस दसरे घालवले. मग एका दिवशी बाप गेल्याची खबर आली, तीही दिवसकार्य उरकल्यावर. त्यालाही आता सात वर्षे झाली होती. या सात वर्षांत त्याला एकच गोष्ट जाणून घ्यायची होती. बाप मनात राग धरून गेला का? बस, एवढेच. आणि ते सांगू शकेल असे माणूस आता जगात उरले नव्हते.

आचार्य स्वतः छकड्यात बसले आणि शिष्याला घेऊन निघाले. गावात पोचल्यावर आचार्य धर्मशाळेत उतरले. "डोळे तुझे आहेत," ते म्हणाले. "तीन दिवस जा, पाहा, आणि मला येऊन सांग."

हत्तीखाना तसाच होता. उंच भिंती, सागवानी खांब, समोर फरसबंद अंगण आणि पलीकडे वेशीचा दरवाजा. आता तिथे दस्तगीर नावाचा माहूत होता, चाळिशीचा, सरळ वाटणारा माणूस. हत्तीण मात्र जुनीच, तुंगा. जिच्या मानेवर तो वाढला तीच. तुंगेने सोंड लांबवली, त्याच्या दरबारी जरीच्या जोड्यांचा वास घेतला आणि सोंड दुसरीकडे वळवली. त्याला वाईट वाटले. अडतीस वर्षे जो फिरकला नाही, त्याला कुणी का ओळखावे, अशी त्याने स्वतःचीच समजूत घातली.

पाहुणे जमले. चुन्याने पोतलेला फळा आणला गेला, गेरूचे बोळके ठेवले गेले. दस्तगीरने वेळूच्या टोकाला चिंधी बांधलेला कुंचला तुंगेच्या सोंडेत दिला आणि तो तिच्या कानाशी उभा राहिला. तिने सावकाश दोन गोल उंचवटे काढले, एकमेकांना चिकटून. मधे एक घळ. दोन्ही अंगांना दोन रुंद पानांसारखे आकार. आणि सर्वांत खाली एक आडवी, मधेच तुटलेली रेघ. लोकांनी तोंडात बोटे घातली. टाळ्या झाल्या. तुंगेने कुंचला परत दिला आणि सोंड उंच करून वेशीकडे वळवली. "बघा, नमस्कारसुद्धा करते!" म्हणत लोक उठले आणि पांगले.

दुसऱ्या दिवशी तेच चित्र. तिसऱ्या दिवशीही तेच, रेघेला रेघ. आता शिष्याची नजर फळ्यावर नव्हती, दस्तगीरच्या हातावर होती. माहुताने तिचा कान हलकेच वर ओढला की सोंड वर जाई, खाली ओढला की खाली येई. एवढेच ते गौडबंगाल. दिवाणजींचे खरे निघाले होते. खरे तर एका चित्रकाराला याचे समाधान वाटायला हवे. पण शिष्य धर्मशाळेकडे निघाला तो रेंगाळतच. आपण महाराजांच्या कामासाठी आलोच नव्हतो, हे त्याला तेव्हा कळले. या जनावरात आपल्या बापाची काहीतरी खूण सापडेल, या वेड्या आशेने तो आला होता.

"चलाखी आहे, आचार्य," तो म्हणाला. "माहूत कान ओढतो, हत्तीण सोंड फिरवते. तिची अक्कल कठपुतळीएवढी."

"चित्र कशाचं आहे?"

"कशाचंच नाही. लोक फूल म्हणतात, पण त्याला देठ नाही. फुलपाखरू म्हणतात, तर त्याला मिशा नाहीत."

"मग माहुताने कशाचंच नाही असं चित्र का निवडलं? हत्तिणीकडून काढून घ्यायचंच होतं तर सरळ एक कमळ काढून घेतलं असतं. लोक जास्त खूश झाले असते."

शिष्य बोटाने मातीत ते दोन उंचवटे काढून पाहू लागला.

"नव्या मुलांना पहिल्या दिवशी तू काय विचारतोस?" आचार्यांनी विचारले. शिष्याने मान खाली घातली. तो एक प्रश्न विचारायचाच त्याच्याकडून राहून गेला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आचार्य त्याच्या खांद्याचा आधार घेत हत्तीखान्यात आले. पाहुणे नव्हते. दस्तगीरने त्यांच्यासाठी म्हणून तुंगेकडून चित्र काढून घेतले. ओल्या गेरूवरून आचार्यांनी बोट फिरवले, उंचवट्यांवरून, घळीतून, पानांवरून, तुटक्या रेघेवरून. बोटे लाल झाली. मग त्यांनी विचारले, "बाबा, हे तू तिला कधी शिकवलंस?"

दस्तगीर ओशाळला. "खोटं कशाला बोलू, महाराज? म्या न्हाई शिकवलं. मला कुठं चित्र येतं? तिनंच मला शिकवलं."

"म्हणजे?"

"मी आलो तवा वरीसभर ती कुंचल्याला शिवली न्हाई. मग एकदा आपणहून उचलला. पण मला कान कसा धरायचा ते ठाऊक नव्हतं. चुकीचा ओढला की ती थांबायची. सोंडेनं माझं मनगट धरायची आणि हलवायची, आसं न्हाई, आसं. एका रेघेला म्हैना लागला. बहोत सबुरीचं जनावर हाये. पहिल्या माहुतानं, हणमंतभाऊनं बसवलेलं चित्र हाये हे. लोक सांगतात, ते एकदा राजधानीला चालत जाऊन आले, तवापासून सुरू केलं त्यांनी. धा वर्सं लागली म्हणं."

शिष्याचा चेहरा पांढरा पडला. आचार्यांना तो दिसत नव्हता. ते शांतपणे म्हणाले, "जोडे काढ आणि वर बस."

"कोण, मी?"

"तू. तिच्या मानेवर."

इतक्या वर्षांत आचार्यांनी त्याला असले काही सांगितले नव्हते. वय पन्नास, अंगावर दरबारी पोशाख, आणि हे काय भलतेच? त्याला काही उमगेना. "आचार्य," तो चाचरत म्हणाला, "मला हत्तीवर बसता येत नाही."

"तुला येत नसेल. तुझ्या अंगठ्यांना येतं. अडतीस वर्षं ऐकतो आहे मी त्यांना. माहूत हत्तीला पायाच्या अंगठ्यांनी चालवतो, एवढं मलाही ठाऊक आहे. ज्या दिवशी तो माणूस घोंगडं घेऊन आला, त्या दिवशी तुझे अंगठे पहिल्यांदा थांबलेले मी पाहिले होते."

शिष्याने जोडे काढले. दस्तगीरने तुंगेला बसवले. शिष्याने तिच्या वाकवलेल्या गुडघ्यावर पाय ठेवला, आणि पुढचे त्याला आठवावे लागले नाही. कानाची कड धरून तो मानेवर बसला. अनवाणी पाय आपोआप तिच्या कानांमागच्या मऊ, उबदार जागेत गेले. तुंगा क्षणभर स्तब्ध झाली. मग हळूच उठून उभी राहिली.

त्याने खाली पाहिले. समोर तिच्या मस्तकाचे दोन गोल उंचवटे होते, एकमेकांना चिकटलेले. मधे एक घळ. दोन्ही अंगांना पसरलेले कान. आणि अगदी खाली, त्याच्या दोन गुडघ्यांखालून गेलेला मानेचा दोर, गुडघ्यांमुळे मधेच तुटल्यासारखा दिसणारा.

फूल नव्हे. फुलपाखरू नव्हे. हत्तीच होता तो. पण जगात फक्त माहुतालाच दिसतो असा. मानेवरून पाहिलेला, सोंडेविना, पायांविना.

त्याने मान वर केली. तुंगा ठाणावर भिंतीसमोर उभी होती. दर दसऱ्याला चुना लागून ती भिंत पांढरीफेक झाली होती. फक्त त्याच्या डोळ्यांसमोर, खाली उभ्या असलेल्या माणसाला दिसणारही नाही इतक्या उंचावर, घमेल्याएवढी एक जागा काळपट राहिली होती. तिथे कोळशाने काढलेल्या वेड्यावाकड्या रेघा होत्या. दोन उंचवटे. मधे घळ. दोन कान. एक तुटकी रेघ.

त्याला सगळे आठवले. तो सहा वर्षांचा होता. तुंगा चारा खात होती आणि तो वरून हात लांबवून भिंतीवर रेघा ओढत होता. बाप मागून वाकून पाहत म्हणाला होता, "आरं, तुझ्या हत्तीला सोंड कुठं हाय?" आणि त्याने फणकाऱ्याने उत्तर दिले होते, "हितनं दिसत न्हाई, आप्पा!" आप्पा इतका हसला होता, की त्याच्या हसण्याने तुंगेचे कान हलले होते.

"ती जागा व्हय?" दस्तगीर खालून म्हणाला. "हणमंतभाऊंचा हुकूमच होता, म्हणं. चुना लावताना तिथं कुणी हात लावायचा न्हाई. म्या बी सात वर्सं तशीच ठेवली. म्हटलं, त्यांच्या देवाचं काई आसंल."

शिष्य वर बसूनच रडू लागला. लाज सोडून, मोठ्याने.

"वर माझ्याच लहानपणच्या रेघा आहेत, आचार्य, आणि मी समजत होतो आप्पा राग धरून गेला," तो हुंदक्यांतून म्हणाला. त्याचा हुंदका ओसरेपर्यंत आचार्य थांबले. मग म्हणाले, "जो माणूस राग धरतो, तो पोराच्या रेघा एका मुक्या जनावराला दहा वर्षं शिकवत बसत नाही. त्याला लिहिता येत नव्हतं, आणि तुझ्याकडे पुन्हा येणंही शक्य नव्हतं. तू खोटा ठरला असतास. म्हणून त्याने तुझी वस्तू जपायला सर्वांत विश्वासाच्या जागी ठेवली. आता हिचा विचार कर. स्वतःचं मस्तक वरून कसं दिसतं, हे हिने कधी पाहिलेलं नाही, पाहणारही नाही. तरी तिने ते चित्र एका रेघेनेही बिघडू दिलं नाही, आणि परक्या माणसाचा हात चुकला तेव्हा तो दुरुस्त केला. आपण विचारत आलो, की हिला आपल्यासारखं चित्र काढता येतं का. जनावर थोडंसं आपल्यासारखं वागलं की आपण टाळ्या वाजवतो. पण ते आपलंच आपल्याला परत मिळालेलं असतं. तिचं स्वतःचं काय आहे, ते पाहायला कुणी थांबलं का?"

त्याच क्षणी तुंगेने सोंड उंच केली आणि वेशीच्या दरवाजाकडे वळवली. पाहुण्यांपुढे रोज करी तसेच. आज पाहुणे नव्हते.

"दस्तगीर," आचार्यांनी विचारले, "सोंड उचलल्याचा आवाज आला मला. हा नमस्कार तिला कुणी शिकवला?"

"नमस्कार न्हाई तो, महाराज. लोक म्हणतात, म्हणून मी बी कधी तोडलं न्हाई त्यांना. चित्र झालं, की हणमंतभाऊ गेरूचे हात धुवाया वेशीभाईर तळ्यावर जायचे, आणि परतताना गूळ आणायचे. तेवढा येळ ती आशीच बघत उभी ऱ्हायची. मी हितंच बादलीत हात धुतो. गूळबी हितंच देतो. पण ती आधी तिकडंच बघती. मग घेती."

शिष्य मानेवरून पाहत राहिला. वेशीच्या चौकटीत ऊन पडले होते आणि पलीकडे तळ्याकडे जाणारी वाट रिकामी होती. छत्तीस वर्षांपूर्वी याच वाटेने एक माणूस खांद्यावर घोंगडे टाकून निघाला होता आणि याच वाटेने रिकाम्या हातांनी परतला होता. तुंगा त्या वाटेचा वास घेत होती. शिष्याच्या पायांचे अंगठे तिच्या कानांमागे निश्चल होते. ती दोघे एकाच माणसाची वाट पाहत उभी राहिली. एकीची सात वर्षे झाली होती. दुसऱ्याला आज सुरुवात करायची होती.

बऱ्याच वेळाने तुंगेने सोंड खाली घेतली, पण दस्तगीरने पुढे केलेल्या गुळाकडे वळवली नाही. ती मागे नेऊन तिने शिष्याच्या अनवाणी पावलाचा वास घेतला, सावकाश, आधी डाव्या, मग उजव्या. आणि मग गूळ घेतला.

शिष्याने महाराजांना पाठवलेला निर्णय दोन ओळींचा होता. "चित्र माणसाचे आहे. त्यानंतरचे हत्तिणीचे आहे, ते पाहण्यासाठी थांबावे." दरबारात त्याचा अर्थ फारसा कुणाला लागला नाही. पण त्या हत्तीखान्यात आलेले पाहुणे पुढे चित्र झाल्याबरोबर उठेनासे झाले. दर दसऱ्याला राजधानीहून एक चित्रकार तिथे येई, अनवाणी. चुना लावणाऱ्यांना तो वर बसून एक जागा दाखवी, आणि ती तेवढी सोडायला सांगे. का, म्हणून कुणी विचारलेच, तर दुसऱ्या कुठल्याही मोठेपणाआधी तो सांगत असे, "मी हणमंत माहुताचा मुलगा."